परवाना तोच, तब्येत तीच, मग पासष्टाव्या वाढदिवशी काय बदलतं?

एका कॅप्टनांनी नाव न छापण्याच्या अटीवर लिहिलेलं पत्र थोडक्यात असं:

"माझं वय ६४ वर्षं ४ महिने. एकोणतीस वर्षं एकाच विमान कंपनीत आहे, त्यातली अठरा कॅप्टन म्हणून. २१ हजार तास झालेत. गेल्या महिन्यातलं मेडिकल आणि त्याआधीचा सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरवरची चाचणी, दोन्ही पास, एकही शेरा नाही. सहा वर्षांपासून सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टरचंही काम करतो. आता कंपनीने लेखी कळवलंय की पासष्टाव्या वाढदिवशी माझी नोकरी संपेल, उड्डाणाचीही आणि सिम्युलेटरचीही. म्हणजे आदल्या दिवशी तीनशे माणसांना घेऊन समुद्र ओलांडायला मी लायक आणि दुसऱ्या सकाळी नालायक? सुलेनबर्गरांनी विमान नदीवर उतरवलं तेव्हा सगळं जग अनुभवाचं कौतुक करत होतं. परवा माझा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) सहज म्हणून गेला, 'सर, तुमची बॅच गेली की आमची कमांडची, कॅप्टन होण्याची, रांग सरकेल.' पोरगा चांगला आहे, पण त्यानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही. हा वयावरून केलेला भेदभाव नाही का? मी कोर्टात जावं का?

ता. क. बायको म्हणते, मला हल्ली नीट ऐकू येत नाही, टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो. मेडिकल पास झालोय, म्हणून मी तिकडे लक्ष देत नाही."

कॅप्टनसाहेब,

आधी ता. क. घेते. तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय, पण तुमच्या अख्ख्या पत्रात याच आठवड्यात हात घालावा अशी गोष्ट तीच आहे.

साठीनंतर तुमचं मेडिकल दर सहा महिन्यांनी होतं, हे खरं. पण दर वेळी सगळ्या तपासण्या होतातच असं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या नियमानुसार चाळिशीनंतर ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर होणारी ऐकण्याची चाचणी, किमान दोन वर्षांतून एकदा व्हायला हवी. तुमची शेवटची ऑडिओमेट्री कधी झाली ते कागद काढून बघा. दीड वर्षापूर्वीची असेल, तर गेल्या महिन्यात पास झालेल्या मेडिकलने तुमच्या आजच्या कानांबद्दल फारसं काही सांगितलेलं नाही. वयानुसार ऐकणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीत. 'स', 'श', 'फ' असली अक्षरं पुसट होतात, माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि मग तो टीव्हीचा आवाज वाढवतो. वहिनींनी जे पाहिलं ते नेमकं हेच असू शकतं. आता हाच कान रेडिओवर कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), उंची आणि हेडिंग (दिशा) ऐकतो आहे.

नियमातली मर्यादा तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहिते. प्रत्येक कानात वेगवेगळी मोजली तर ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा, आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त घट नको. त्यापेक्षा जास्त निघाली तरी परवाना तिथेच गेला असं नाही. कॉकपिटसारख्या गोंगाटात बोलणं नीट ऐकू येतं हे सिद्ध झालं, तर तुम्हाला फिट ठरवण्याची तरतूद त्याच नियमात आहे. म्हणजे डॉक्टरांना सांगून तुमचं नुकसान होईलच असं नाही. न सांगण्यात मात्र नियमभंग आहे, कारण तब्येतीत घट झाल्याचं ठाऊक असताना परवाना वापरू नये अशी अट प्रत्येक परवानाधारकावर आहे. 'मेडिकल पास झालंय' हे त्यावरचं उत्तर होत नाही. पुढच्या उड्डाणाआधी एव्हिएशन डॉक्टरांकडे जा आणि वहिनींचं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा.

मी यावर इतकी अडून बसले आहे त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या पत्राचा सगळा जोर एका मागणीवर आहे: माझं वय बघू नका, मला बघा. ही मागणी मला मनापासून पटते. पण वयाची मर्यादा ज्या कारणाने टिकून आहे, त्यातलं एक हे की पायलट आपलं दुखणं डॉक्टरांपासून लपवतात. मेडिकल गेलं की पगार जातो, म्हणून लपवतात. ज्याला स्वतःला तपासून घ्यायचंय, त्याने तपासणाऱ्याला सगळं सांगायला हवं.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

या सदराआधी मी काही वर्षं एका विमान कंपनीच्या क्रू रोस्टरिंगमध्ये काम केलं. पासष्टावा वाढदिवस आला की आमच्याकडे एक वेगळीच गडबड असायची. एका कॅप्टनांचं शेवटचं उड्डाण आदल्या संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर उतरणार होतं. उतरताना ते पासष्ट वर्षांचे झालेले असणार, म्हणजे नियमाबाहेर. मध्यरात्र धरायची ती निघण्याच्या गावच्या घड्याळाने की उतरण्याच्या, यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला. शेवटी मी ते उड्डाण काढून त्यांना दुपारचं एक छोटं उड्डाण दिलं. त्यांचा फोन आला, "माझी रात्रीची फ्लाइट कुणी काढली?" मी म्हटलं, "सर, उद्या तुमचा वाढदिवस आहे." ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तुमचं 'आदल्या दिवशी लायक, दुसऱ्या सकाळी नालायक' हे वाक्य वाचताना मला ती शांतता आठवली. त्यामुळे तुमच्या रागाला मी अवास्तव म्हणणार नाही.

ही रेघ आखली गेली तीही फार स्वच्छ पद्धतीने नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या पायलटांना साठीला निवृत्त करायचं ठरवलं. पायलट भांडले आणि लवादाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर फेब्रुवारी १९५९ मध्ये कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक नियामक संस्थेचे, पहिले प्रमुख एल्वुड केसाडा यांना पत्र लिहिलं आणि सरकारनेच वयाची मर्यादा घालावी असं सुचवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम निघाला आणि १५ मार्च १९६० पासून साठीची मर्यादा लागू झाली. एफएएने दिलेलं कारण वैद्यकीय होतं: वयानुसार अचानक अक्षम होण्याचा धोका वाढतो आणि कुणाला कधी झटका येईल हे एकेका माणसाबाबत सांगता येत नाही. केसाडा पुढे एफएएतून बाहेर पडल्यावर अमेरिकन एअरलाइन्सच्याच संचालक मंडळावर गेले. हे सगळं वाचलं की साठ हा आकडा निव्वळ वैद्यकशास्त्राने दिला यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

पुढे तो आकडा हललाही. आयकाओने नोव्हेंबर २००६ मध्ये दोन पायलटांच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी मर्यादा पासष्ट केली, पण एक साठीच्या वरचा असेल तर दुसरा साठीच्या आतला हवा अशी अट घातली. २०१४ मध्ये ती अटही गेली. एकट्याने उडवायच्या व्यावसायिक विमानाला मात्र अजून साठच आहे. अमेरिकेने १३ डिसेंबर २००७ ला कायदा करून साठाचे पासष्ट केले. ज्यांची साठी त्याआधी उलटून गेली होती त्यांना सीनियॉरिटी परत मिळाली नाही. परत यायचं तर नवा भरती झालेला म्हणून, रांगेच्या तळाशी. काही लोकांचा वाढदिवस फक्त काही दिवस आधी आला, एवढाच त्यांचा दोष. जपानने २०१५ मध्ये मर्यादा सदुसष्टपर्यंत नेली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये परवान्याला वरची वयोमर्यादाच नाही. तिथले पायलट देशाबाहेर उडतात तेव्हा मात्र समोरच्या देशाचा नियम आडवा येतो. २०२५ मध्ये विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेने आंतरराष्ट्रीय मर्यादा सदुसष्ट करावी असा प्रस्ताव आयकाओपुढे ठेवला होता. तुमच्या वाढदिवसाआधी काही बदलेल या आशेवर मात्र राहू नका.

पण आकडा कसा आला हे कळल्यावर त्यामागे काहीच नाही असं म्हणणं चूक होईल. दुसरी बाजू तुम्हाला सांगते, कारण तुम्ही पत्रात ती पूर्ण सोडून दिली आहे.

विमानाच्या वैद्यकशास्त्रात 'एक टक्क्याचा नियम' म्हणून एक हिशेब आहे. एखाद्या पायलटाला वर्षभरात अचानक अक्षम होण्याचा धोका एक टक्क्यापर्यंत असेल, तर दोन पायलटांच्या विमानात तो चालेल, असं त्यात धरतात. वर्षाचे तास ८,७६०. वर्षाला एक टक्का म्हणजे ढोबळमानाने दहा लाख तासांत एकदा. झटका यायचाच तर तो नाजूक वेळी, म्हणजे टेकऑफ किंवा लँडिंगच्या आसपास यायला हवा. उड्डाणाच्या साधारण दहाव्या भागात. झाले एक कोटी तास. आणि तेव्हाही शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा शेजारचा पायलट विमान सांभाळेल असं धरलं, तर अपघात होईल एक अब्ज तासांत एकदा. विमानातल्या महत्त्वाच्या यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठीही हाच आकडा धरतात. या हिशेबात तुमचं नाव कुठेच नाही. त्यात आहे ती एका वयोगटाची सरासरी, आणि हृदयविकाराची सरासरी वयाबरोबर चढते, हे निर्विवाद आहे.

त्या हिशेबातला शेवटचा टप्पा, शेजारच्या पायलटाचा, फार महागात शिकलेला आहे. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्सला ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत कोसळलं, ११८ जण गेले. कॅप्टनच्या हृदयाच्या धमन्या आजारी होत्या हे शवविच्छेदनात कळलं. त्यांचं वय होतं ५१. शेजारी बसलेले तरुण होते आणि नवे होते. त्यानंतर सहकारी पायलट अचानक अक्षम झाला तर काय करायचं, याच्या प्रशिक्षणाकडे गांभीर्याने बघणं सुरू झालं. जून २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला निघालेल्या बोइंग ७७७ चा साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर असतानाच मरण पावला. इतर पायलटांनी विमान सुखरूप उतरवलं. प्रवाशांना कळलं ते खाली आल्यावर. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला दिसतं ते असं: झटका एक्कावन्नाव्या वर्षीही येतो, आणि तो आल्यावर विमानाचं काय होणार हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या तयारीवर ठरतं. पासष्टच्या मर्यादेविरुद्ध तुमच्याकडे असलेला सगळ्यात जोरकस मुद्दा हाच आहे. सुलेनबर्गर नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवलं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. १९८९ मध्ये हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवणारी द्रवदाबाची यंत्रणा, पूर्ण गेलेलं डीसी-१० विमान अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणणारे अल हेन्स, तेही सत्तावन्नचेच. दोघांबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्यांच्या उदाहरणाने सत्तावन्न सिद्ध होतं, सहासष्ट नाही. वकिलांना भेटाल तेव्हा हे उदाहरण घरी ठेवा.

हृदयापेक्षा अवघड प्रश्न मेंदूचा आहे. ईसीजीत न दिसणारी गोष्ट, म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात ठेवण्याचा वेग. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या ११८ पायलटांना तीन वर्षं सिम्युलेटरवर पाहिलं होतं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वयस्कर पायलट सुरुवातीला थोडे मागे होते, पण तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, समोरची विमानं टाळण्यात तर विशेष. आणि ज्यांची पात्रता वरची, त्यांनी कामगिरी जास्त टिकवली. ते खासगी उड्डाण करणारे पायलट होते, एअरलाइनचे नव्हते, हे लक्षात ठेवून सुद्धा तुमच्या बाजूने मोजण्याजोगी ही गोष्ट आहे. वय वाढतं तसा माणसामाणसातला फरकही वाढतो, त्यामुळे सरासरीवरून एकाबद्दल बोलणं आणखी कच्चं होत जातं.

मग पासष्टची मर्यादा अन्यायाची आहे का? माझ्या मते काही जणांवर नक्की अन्याय करते, आणि तुम्ही त्यातले असू शकता. सिम चेक आणि मेडिकल दोन्ही इतक्या वारंवार होत असताना एकेका माणसाकडे बघून ठरवणं जमायला हवं, असं मला वाटतं. पण ती मर्यादा बेकायदा आहे का, तर नाही. आणि उरलेले आठ महिने तुम्ही तिच्याशी भांडण्यात घालवावेत असं मी सांगणार नाही. कारण तुमच्या कंपनीच्या पत्रात खरं तर दोन रेघा आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच समजून चिडला आहात. प्रवासी विमान उडवण्याची रेघ नियमाची आहे. सिम्युलेटरची रेघ कंपनीने स्वतः आखली आहे.

हा फरक किती मोठा आहे हे युरोपातल्या दोन खटल्यांवरून कळेल. लुफ्तान्साचा कामगार संघटनेशी असलेला करार पायलटांना साठीला निवृत्त करायचा, जेव्हा कायदा पासष्टपर्यंत उडू देत होता. तीन कॅप्टन कोर्टात गेले. १३ सप्टेंबर २०११ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कायदा उडू देत असताना करारातली ही साठीची अट वयावरचा भेदभाव आहे. कंपनीची रेघ पुसली गेली. दुसरा खटला तुमच्या प्रकरणाच्या इतका जवळ आहे की मी तो तुमच्या पत्राला टाचून ठेवलाय. लुफ्तान्सा सिटीलाइनचे एक कॅप्टन पासष्ट झाले, कंपनीने त्यांना काम देणं थांबवलं. ते इतर पायलटांना प्रशिक्षणही देत होते. ५ जुलै २०१७ च्या निकालात न्यायालयाने पासष्टची मर्यादा कायम ठेवली, प्रवासी आणि मालवाहतुकीसाठी ती योग्य आहे म्हटलं. पण त्याच निकालात असंही सांगितलं की प्रवासी, माल किंवा टपाल नसलेली रिकामी विमानं एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं, आणि उड्डाणाच्या क्रूमध्ये न बसता प्रशिक्षक किंवा परीक्षक म्हणून काम करणं, हे त्या नियमात येत नाही.

अमेरिकेतही असंच घडलं आहे. १९८५ च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीडब्ल्यूए या कंपनीविरुद्ध निकाल दिला. कंपनी मेडिकल गमावलेल्या कॅप्टनला फ्लाइट इंजिनिअरच्या, म्हणजे कॉकपिटमधून यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या, खुर्चीवर आपोआप जाऊ द्यायची, पण साठीमुळे कॅप्टनची खुर्ची गमावलेल्याला तसं जाऊ देत नव्हती. इतरांना जी सोय देता ती वयामुळे नाकारता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न एअरलाइन्सच्या खटल्यात फ्लाइट इंजिनिअरांना साठीला काढण्याचा प्रश्न आला. सुरक्षिततेचं नाव घेतलं की पुरेसं होत नाही, त्या कामासाठी वयाची अट खरोखर गरजेची आहे हे कंपनीने दाखवायला हवं, असं तिथे ठरलं.

दर वेळी कॅप्टन जिंकतात असं मात्र समजू नका. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या एका ७४७ कॅप्टनचा खटला तिथल्या हायकोर्टात गेला. त्याच्या देशाचा नियम त्याला अडवत नव्हता, पण बाकीच्या बहुतेक देशांचा साठीचा नियम अडवत होता. त्याला देता येतील असे मार्गच इतके थोडे उरले की रोस्टर बसेना, आणि निकाल कंपनीच्या बाजूने गेला. रोस्टर बसवण्यात आयुष्याचा एक भाग घालवलेली बाई म्हणून सांगते, तो निकाल मला दुःखद वाटला आणि समजलाही.

तुम्ही कोणत्या देशाच्या परवान्यावर उडता ते लिहिलेलं नाही, आणि वरचे निकाल तुमच्या कोर्टाला बंधनकारक असतीलच असं नाही. पण त्यांच्यातून तुमच्या कंपनीला विचारायचे प्रश्न मिळतात. कोर्टाआधी ते प्रश्न लेखी विचारा. सिम्युलेटर इन्स्ट्रक्टरचं काम पासष्टला संपवायचं, ते नेमक्या कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाने? सिम्युलेटर जमिनीवर आहे, त्यात प्रवासी नसतो. दुसरा प्रश्न टीडब्ल्यूएच्या खटल्यातला आणि मला वाटतं जास्त टोकदार: ज्या पायलटांचं मेडिकल इतर कारणांनी गेलं, त्यांच्यापैकी कुणाला सिम्युलेटरवर किंवा ग्राउंड ट्रेनिंगमध्ये ठेवलं आहे का? तुमच्या एकोणतीस वर्षांत असे एक-दोन जण तुम्ही पाहिले असतीलच. पाठीच्या दुखण्याने ग्राउंड झालेला माणूस तिथे चालत असेल आणि वाढदिवसाने ग्राउंड झालेला चालत नसेल, तर कंपनीला त्याचं कारण द्यावं लागेल. पत्राचा सूर सभ्य ठेवा, राग त्यात नको. 'मला प्रवासी उड्डाणाची मर्यादा मान्य आहे' हे पहिलंच वाक्य लिहा. त्या एका वाक्याने समोरच्याच्या निम्म्या हरकती गळून पडतात.

त्याआधी करारातलं इन्स्ट्रक्टरच्या कामाचं पान काढून बघा. ते काम कॅप्टनच्या नोकरीला जोडलेलं आहे की वेगळं नेमलेलं, यावर बरंच अवलंबून आहे. इन्स्ट्रक्टरची मान्यता कधी संपते तेही बघा आणि ती जिवंत ठेवा. वादात सहा महिने गेले आणि मान्यता संपली, तर जिंकूनही हातात काही येणार नाही. पायलटांच्या संघटनेशी बोला, आणि नोकरीचे खटले चालवणाऱ्या वकिलांना वाढदिवसाच्या आधी भेटा, नंतर नाही. भेदभावाच्या तक्रारीची मुदत पुष्कळ देशांत काही महिन्यांचीच असते आणि ती कधीपासून मोजतात, कंपनीचं पत्र आलं त्या दिवसापासून की नोकरी संपली त्या दिवसापासून, हे वकीलच सांगू शकतील. तुमच्या हातात ते पत्र आधीच आलेलं आहे.

राहिला तुमचा फर्स्ट ऑफिसर. त्याने तुम्हाला दुखावलं, कारण तो खरं बोलला. एअरलाइनमध्ये सगळं सीनियॉरिटीवर चालतं: कमांड, मोठं विमान, सुट्टी, सणावाराला घरी असणं. अमेरिकेत २००७ मध्ये पाच वर्षं एका सहीने वाढली तेव्हा वरच्यांना पाच वर्षं मिळाली आणि खालच्यांची रांग तितकाच काळ थिजली. तिथल्या पायलटांच्या मोठ्या संघटनेचा इतिहासच बघा. साठीच्या नियमाला सुरुवातीला विरोध, १९८० पासून पाठिंबा, २००७ मध्ये पाठिंबा काढून घेतला, आणि आता सदुसष्टला विरोध. सुरक्षिततेचे मुद्दे प्रत्येक वेळी होतेच, पण संघटनेत कोणत्या वयाचे सभासद किती, हेही त्यामागे होतं असं मला वाटतं. तुम्ही स्वतः लेफ्ट सीटवर, कॅप्टनच्या खुर्चीवर, अठरा वर्षांपूर्वी आलात, तेव्हा ती कुणाच्या तरी वाढदिवसाने रिकामी झाली होती. तो माणूस कोण होता ते तुम्हाला आठवत असेल.

त्या पोराशी बोला. वादाच्या सुरात नाही, आणि त्याला लाजवण्यासाठीही नाही. तुम्हाला सिम्युलेटरवर राहायचंय हे त्याला सांगा. त्याची कमांड तुमच्या सिम्युलेटरमुळे एक दिवसही लांबत नाही, आणि हे त्याला कुणी तरी सांगायला हवं, नाहीतर तुमच्या धडपडीत त्याला स्वतःची अडवणूक दिसेल. उलट कमांडच्या ट्रेनिंगला तो येईल तेव्हा मागच्या खुर्चीत बसून सरावासाठी त्याचं पहिलं इंजिन बंद करणारा इन्स्ट्रक्टर तुम्ही असू शकता. शेजारचा कॅप्टन अचानक गप्प झाला तर काय करायचं, हे त्याला तुमच्याइतकं मन लावून कोण शिकवेल?

ऑडिओमेट्रीचा निकाल आणि कंपनीचं उत्तर, दोन्ही मला कळवा. आणि डॉक्टरांकडे जाताना वहिनींना बरोबर न्या. टीव्हीचा आवाज किती असतो ते त्या जास्त नेमकं सांगतील.